कारंज्याचं पाणी कुणी ओढलं?

गेल्या पावसाळ्यात सांगलीला आपल्या पोरांचा अभ्यासवर्ग होता. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात औंधला जाऊ. तिथल्या संग्रहालयातली जुनी दरबारी चित्रं बघू. राजे, राण्या, बागा, कारंजी. एक पोरगा ताडकन उठला. म्हणाला, "सर, राजाच्या बागेशी आपलं काय देणंघेणं? ते बागेत हुक्का ओढत बसले आणि आपला पणजा गळ्यात मडकं बांधून फिरला. असली चित्रं आपण कशाला बघायची?" पोरांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटली असती, त्याच्या वयात. तिथल्या तिथं मला उत्तर सुचलं नाही. हे त्याचं उत्तर. उशिरा सुचलेलं, पण विचार करून दिलेलं.

औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात आहे. १९४८ पर्यंत ते संस्थान होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढणारे. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगराच्या उतारावर संग्रहालय उभं केलं. रविवर्म्याची तैलचित्रं आहेत, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल आहे, आणि वहीच्या पानाएवढाली लघुचित्रं आहेत. मुघल, राजस्थानी, पहाडी, विजापुरी, अशा नाना कलमांची.

सातवीत असताना शाळेची सहल घेऊन गुरुजी आम्हाला तिथं घेऊन गेले. आमचं गाव तिथनं फार लांब नाही. बागेच्या त्या चित्रांपुढून मी हललोच नाही. ही चित्रं ज्यानं पाहिली त्याला त्यांचा साचा ठाऊक असेल. पांढरी गच्ची. गच्चीवर लोड-तक्क्याला टेकून राजा, हातात फूल किंवा हुक्क्याची नळी. शेजारी राणी. मागं चवरी ढाळणारी दासी, पुढं सुरई घेतलेली दुसरी. खाली बाग, चार कोपऱ्यांत चार वाफे, मधनं पाण्याचे पाट, पाट एकमेकाला भेटतात तिथं हौद, हौदात कारंजं. सरूची झाडं, केळी, मोर. ढग आले तर बगळ्यांची माळ. सगळीकडं गार. आमच्या खटाव-माणच्या मातीत वाढलेल्या पोराला तो हिरवा रंगच खोटा वाटला.

रात्री आजीला सगळं सांगितलं. कारंजं म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं. म्हटलं, "आजे, पानी आपोआप वर उडतंय." आजी भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, "आरं, पानी कधी आपणहून वर जातंय व्हय? वर उडतंय म्हंजी आदी कुणीतरी ते उचलून त्येच्याबी वर न्हेऊन ठिवलं आसंल. त्यो मानूस हाय का चित्रात?"

नव्हता.

माझ्या अडाणी आजीनं कारंज्याची विद्या एका वाक्यात सांगितली. उंच जागी हौद बांधायचा, त्यात पाणी चढवायचं, नळानं खाली आणायचं, आणि अरुंद तोंडातनं सोडायचं. मग ते उडतं. डोंगरातला झरा असेल तर नळ, पाट. नसेल तर रहाट किंवा मोट. सपाट मुलखात उडणाऱ्या प्रत्येक कारंज्याच्या मागं बैल आणि माणूस वाकलेला असतो. तो मला पुढं चाळीस-पन्नास वर्षं शोधावा लागला. तो शोध थोडक्यात सांगतो.

आपल्या महाराष्ट्रातली सगळ्यात जुनी दरबारी लघुचित्रं अहमदनगरच्या निजामशाहीतली. 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचं फारसी काव्य, आफताबी नावाच्या कवीचं, साधारण १५६५ च्या सुमाराचं. त्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यात हुसेन निजामशहा आणि त्याची राणी खुंजा हुमायूं शेजारी बसलेली होती. होती म्हणतो, कारण पुढं कुणीतरी राणीची आकृती चित्रांतनं पुसून टाकली. नवरा मेल्यावर तिनं कारभार हाती घेतला, मुलानं तिला कैद केलं, आणि चित्रातली तिची जागाही गेली. बघा, चित्रातनं माणूस काढून टाकायची रीत किती जुनी आहे ती. राणीला आधी काढलं, मग पुसलं. आपल्या माणसाला मुळात काढलंच नाही. पुसायचे कष्टही कुणाला पडले नाहीत.

त्याच पोथीत एक चित्र आहे, सुंदर स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलून येतं त्याचं. संस्कृत काव्यातला जुना संकेत आहे तो, दोहद म्हणतात त्याला. राणीचा हात लागला की झाड फुलतं. आमच्याकडं झाड पाण्यानं आणि शेणखतानं फुलतं. आणि आमचा हात लागला की पाणी बाटतं. हे दोन्ही स्पर्श एकाच देशातले.

आता चित्रं काढली कुणी? हे वाचून मला पहिला धक्का बसला. अकबराच्या चित्रशाळेत दसवंत नावाचा चितारी होता. अबुल फझलनं 'आईन-इ-अकबरी'त त्याची हकिकत लिहून ठेवली आहे. दसवंत हा कहाराचा पोरगा. कहार म्हणजे पालखी वाहणारा, पाणी भरणारा. लहानपणी भिंती दिसतील तिथं चित्रं काढायचा. अकबराची नजर पडली, त्यानं त्याला ख्वाजा अब्दुस्समद या उस्तादाच्या हाती दिलं. थोड्या वर्षांत तो भल्याभल्यांच्या पुढं गेला. महाभारताचं फारसी भाषांतर झालं, 'रज्मनामा', त्यातल्या चित्रांवर त्याची छाप आहे. १५८४ साली त्यानं स्वतःला भोसकून घेऊन जीव दिला. अबुल फझल म्हणतो वेड लागलं होतं. असेलही. पालखी वाहणाऱ्याच्या घरातनं पालखीत बसणाऱ्यांच्या मांडीला मांडी लावायला गेलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल, ते आपल्यापैकी पहिल्या पिढीत शिकलेल्यांनी विचार करून बघावं.

कहार अस्पृश्य नव्हता, त्याच्या हातचं पाणी वरच्यांना चालायचं. त्याला ओढूनताणून आपला करायचं कारण नाही. पण तो राबणाऱ्यांतला होता. पहाडी चित्रकलेचंही तसंच. गुलेरचा नैनसुख आणि त्याचं घराणं. ब्रिजिंदर नाथ गोस्वामींनी हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या धुंडाळून दाखवून दिलं की हे चितारी मुळात तरखाण, म्हणजे सुतार. राधाकृष्णाची ती नाजूक वनं, ते बारीक पान न् पान, रंधा मारणाऱ्यांच्या घरातल्या हातांनी काढलेलं. म्हणजे चित्रं "त्यांची" आहेत हे अर्धंच खरं. पैसा त्यांचा. हात कारागिराचा.

दुसरा धक्का एका चित्रानं दिला. बाबरानं १५०८-०९ मध्ये अफगाणिस्तानात जलालाबादजवळ एक बाग लावली, बाग-इ-वफा. पुढं अकबराच्या काळात, १५९० च्या सुमारास, बाबरनाम्यासाठी बिशनदास आणि नन्हा या दोघांनी त्याचं चित्र काढलं. आज ते लंडनच्या संग्रहालयात आहे. मी छापील बघितलं. बाबर उभा राहून हुकूम देतोय. पण चित्राच्या मध्ये तो नाही. मध्ये पाण्याचे पाट आहेत आणि फावडं घेतलेले माळी आहेत. एक दोरी धरून मोजमाप करतोय. अंगातलं वर खोचलेलं, पाय उघडे, कामाला लागलेली माणसं. बाग अजून व्हायचीय म्हणून माणसं दिसतात. बाग पुरी झाली की ती चित्राबाहेर जातात आणि राजा येऊन गालिच्यावर बसतो. आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं.

उरलेलं अर्धं बाबरानंच लिहून ठेवलंय. हिंदुस्थानात वाहतं पाणी नाही ही त्याची मोठी तक्रार. इथले लोक पाणी कसं काढतात ते त्यानं बारकाईनं लिहिलं. लाहोरकडं रहाट. आग्र्याकडं चामड्याची मोट, बैल ओढतात, एक माणूस बैल हाकतो, दुसरा मोट रिकामी करतो. आणि म्हणतो, फार कष्टाचं आणि घाण काम आहे हे. दोर बैलाच्या शेणामुतातनं फरफटत जातो आणि परत विहिरीत पडतो. तरीपण बादशहानं आग्र्यात बाग लावलीच. घाण त्यालाही दिसली होती. ती काढणारा माणूस कोण, हे त्यानं विचारलं नाही.

ते आपण विचारू. त्यासाठी आग्र्याला जायला नको. साताऱ्याजवळ लिंब गावाला चला.

लिंबला बारा मोटांची विहीर आहे. शाहू छत्रपतींच्या घरातल्या विरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या सालांत बांधली. अष्टकोनी विहीर, पुढं तिला जोडून आयताकार भाग, वरनं बघितली तर पिंडीसारखी दिसते. खोली ११० फुटांच्या आसपास, रुंदी ५० फूट. भवतालच्या आमराईला पाणी मिळावं म्हणून बांधली असं सांगतात. आणि या विहिरीच्या पोटात, पाण्याच्या वर, दगडी खांबांचा छोटा महाल आहे. भिंतींवर हत्ती, वाघ, घोडेस्वार कोरलेले. लघुचित्रातली ती गच्ची आणि तो हौद दगडात उतरवला तर असाच होईल. गार पाण्याशेजारी बसायची राजाची जागा. आणि डोक्यावर, काठावर, बारा मोटा एका वेळी ओढायची सोय.

मी त्या काठावर तासभर बसलो. दगडावर नाड्यांनी काचून पडलेल्या खुणांवर बोट फिरवलं. आणि लहानपणीची मोट आठवली. पोरांनो, तुम्ही मोट बघितलेली नाही. इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या, आणि मोट गेली. म्हणून सांगतो. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली हत्तीच्या सोंडेसारखी नळी. मोटेच्या तोंडाला जाड दोर, तो नाडा. सोंडेला बारीक दोर, तो सोल. बैल धावेवरनं खाली पळतात, मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते, पाणी पाटानं रानात जातं. बैल उलटे धाव चढतात, मोट परत खाली. दिवसभर.

आता हिशेब करा. मोटेचं चामडं कुठनं आलं? गावातलं मेलेलं जनावर महारानं ओढून नेलं, सोललं. कातडं ढोरानं कमावलं. चांभारानं शिवलं. नाडा आणि सोल मांगानं वळला. म्हणजे मोटेतलं लाकूड-लोखंड सोडलं तर उरलेली सगळी मोट आपल्या हातची. तेच चामडं विहिरीत बुडायचं, तोच दोर पाण्यात भिजायचा, ते पाणी थारोळ्यात पडायचं. त्यानं राजाची बाग भिजायची, देवाला वाहायची फुलं फुलायची. मोटेचं पाणी कधी बाटलं असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. ज्यानं मोट केली तो मात्र पायरी उतरला की विहीर बाटायची. ही जातीची शुद्धाशुद्ध. कातडं शुद्ध, कातड्याला हात लावणारा अशुद्ध. हे कुठल्या शास्त्राला धरून आहे ते शास्त्र्यांनी सांगावं. मला यात एकच शास्त्र दिसतं: माणसाची कमाई घ्यायची आणि माणूस बाहेर ठेवायचा.

आमच्या गावात एका बागायतदाराच्या विहिरीवर माझी आय घागर घेऊन उभी राहायची. थारोळ्याला शिवायचं नाही, पाटाला शिवायचं नाही. मोटकऱ्याला दया आली तर तो लांबनं ओतायचा. निम्मं घागरीत, निम्मं तिच्या अंगावर. त्याच विहिरीच्या जुन्या मोटेचं कातडं आमच्या आज्ज्यानं सोललेलं होतं, हे आयला माहीत होतं. मला ते ती मरायच्या आधी कळलं. छप्पन साली बाबासाहेबांनी धम्म दिला, आबांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, आणि त्या घरात कातड्याचं नाव काढायची बंदी झाली. बरोबरच होतं ते. पण कामाबरोबर कामाचा इतिहासही आम्ही पुरून टाकला.

याच मातीतल्या आणखी दोन गोष्टी.

७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या पोराचं नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झालं. शाळा भरायची छत्रपतींच्या राजवाड्यात. पुढल्याच साली, १९०१ मध्ये, सुट्टीत तो भावाभाच्यांबरोबर वडिलांकडं कोरेगावला निघाला. मसूर स्टेशनवर उतरले. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. मिळाला तो दुप्पट भाड्यानं आणि गाडी तुम्हीच हाका या बोलीवर. बरोबर जेवणाचा डबा होता, पाणी नव्हतं. वाटेत मिळालं ते शेणामुतानं घाण झालेलं. जकात नाक्यावर मुसलमान आहोत असं सांगूनही कुणी घोट दिला नाही. पोरं उपाशी झोपली. बाबासाहेबांनीच हे लिहून ठेवलंय. राजवाड्यात शिकणाऱ्या पोराला त्याच जिल्ह्यात घोटभर पाणी मिळेना. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यात त्यांनी ओंजळ बुडवली, तेव्हा ती तहान सव्वीस वर्षांची झाली होती.

दुसरी गोष्ट आटपाडीची. आज सांगली जिल्हा, तेव्हा औंध संस्थान. शंकरराव खरात १९२१ ला तिथं जन्मले. वडील गावकामगार महार. खरातांच्या 'तराळ-अंतराळ'मध्ये प्रसंग आहे: विहिरीत प्रेत सापडतं, वडिलांना राखणीला बसवतात, आणि पोलीस त्यांनाच खाली उतरून ते वर काढायला लावतो. ज्या विहिरीचं पाणी भरायची मुभा नाही, त्या विहिरीत मढं काढायला उतरायची सक्ती. औंधच्या राजानं १९३९ साली प्रजेला स्वराज्याची घटना दिली, ते त्याचं मोठेपण मी नाकारत नाही. पण संग्रहालयाच्या भिंतीवर राजस्थानातला राजा हौदाकाठी बसलेला होता आणि त्याच संस्थानात खरातांचे वडील विहिरीत उतरत होते. दोन्ही चित्रं शेजारी लावल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही.

आता आपल्याच अंगावर येणारी गोष्ट. तीही लिहिली पाहिजे, नाहीतर हा लेख लबाड होईल.

मोट महार, ढोर, चांभार, मांग या चौघांनी मिळून केली. चौघांचे हात एका वस्तूत होते. पण हे चौघं एकमेकाच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. आमच्या म्हारवाड्याच्या आडावर मांगाची बाई आली की आमच्याच बाया तिला वरनं पाणी ओतायच्या. माझ्या आयला मोटकरी ओतायचा तसंच. मी हे डोळ्यानं बघितलंय, आणि त्या बायांत माझी आयही होती. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती ही. प्रत्येकाला खाली ढकलायला कुणीतरी दिलेला. माझा एक मित्र आहे, अण्णा भाऊ साठ्यांच्या वाळवा तालुक्यातला. त्याच्या बापानं जन्मभर नाडे वळले. त्याला मी लिंबच्या दगडावरच्या खुणा दाखवल्या. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "कातडं तुमचं, दोर आमचा. तुटला दोर तर मार आम्हाला, फाटलं कातडं तर मार तुम्हाला. आन् आपुन भांडलो एकामेकाशी." यापुढं मी काय बोलणार?

बागेच्या चित्रातला एक माणूस मात्र चित्रातनं बाहेर चालत आला. तो माळी. औंधपासनं जवळ, याच खटाव तालुक्यात कटगुण गाव आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. त्यांचं घराणं पुण्याला गेलं आणि पेशव्यांच्या वाड्यात फुलं पुरवू लागलं. त्यावरनं आडनाव पडलं फुले. ज्या काळात वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याच्या भिंती चित्रांनी रंगत होत्या, त्याच काळातला हा फुलांचा व्यवसाय. दरबाराला गजरे पुरवणाऱ्या घरातल्या या माणसानं १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चित्रातल्या हौदाकाठी राजा बसतो. या हौदाकाठी आपल्या बाया घागरी घेऊन आल्या. मला विचाराल तर भारतातल्या बागेच्या चित्रांत जे चित्र काढायचं राहिलं ते हे.

तर त्या पोराला माझं उत्तर असं. बाबा, राजाच्या बागेशी आपलं देणंघेणं आहे. देणं काही नाही, घेणं मात्र पुष्कळ आहे. ती बाग आपल्या कातड्यावर आणि दोरावर उभी होती, आणि हिशेबात आपलं नाव नाही. चित्र फाडून हिशेब मिळत नाही. तो कागद पुरावा आहे. हौद किती उंच आहे, पाट कुठनं येतो, रहाट आहे का, माळी कुठल्या कोपऱ्यात ढकललाय, चवरीवालीच्या पायात काय आहे, हे बघायला शिका. आणि चितारी तुमच्यासारख्याच घरातला होता हे विसरू नका. त्याचा हात सुंदर होता. सुंदर म्हणायला लाजू नका.

दुसरं काम जास्त घाईचं आहे. मोट शिवलेली, नाडा वळलेला, कातडं कमावलेलं माणूस प्रत्येक तालुक्यात एखाददुसरंच उरलंय. आपल्या आज्ज्याला, शेजारच्या वस्तीतल्या म्हाताऱ्याला विचारा. किती दिवसांत एक मोट व्हायची, नाड्याला काय लागायचं, बदल्यात काय मिळायचं, कुणी मारलं, कुणी पाणी दिलं. वहीत उतरवा. महारांच्या पोरांनी मांगवाड्यात जावं, मांगांच्या पोरांनी चांभारवाड्यात. तिथं पाणी मागून प्यावं. आधी ते, मग वही.

औंधची सहल ठरलेलीच आहे. येताना लिंबला थांबू. भाकरी आपापली आणा.